झडप: फायनलचं पोस्टर, संघ ठरायच्या आधी

विश्वचषक फायनलचं पोस्टर करायला बसतो तेव्हा फायनलला कोण पोचणार हे कुणालाच माहीत नसतं. २०२६चंच घ्या. दुसरी सेमीफायनल १५ जुलैला अटलांटात; आपल्याकडे तिचा निकाल लागेपर्यंत १६ तारीख उजाडलेली असते. फायनल १९ला न्यू जर्सीत. संघ कळल्यावर डिझाइन करायचं, छापायचं आणि चौकात बांधायचं म्हटलं तर हातात जेमतेम तीन दिवस राहतात, आणि त्याच तीन दिवसांत गावातल्या प्रत्येक मंडळाचा फ्लेक्स त्याच दोन-चार प्रेसमध्ये रांगेत असतो. कोल्हापूरच्या पेठांत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून पोस्टर आधीच तयार करायचं आणि संघांची जागा तेवढी मोकळी ठेवायची. इथली सगळी मापं त्याच हिशेबानं धरली आहेत: मोठ्या पडद्यावर फायनल दाखवण्याचा कार्यक्रम, ए-२ आकाराचं कागदी पोस्टर, आणि त्याच फाइलमधून आठ बाय दहा फुटांचा फ्लेक्स.

गोलकीपर का, आणि कुठला क्षण

संघ माहीत नसताना कुठल्या स्टारचा फोटो लावायचा हा वाद मंडळाच्या बैठकीत रात्री बारापर्यंत चालतो. गोलकीपर घेतला की तो मिटतो. नियमानं गोलकीपरच्या जर्सीचा रंग बाकी खेळाडूंपेक्षा आणि पंचांपेक्षा वेगळा असावा लागतो. त्यामुळे नारिंगी जर्सीतला गोलकीपर कुठल्याही संघाचा वाटू शकतो आणि कुणालाच परका वाटत नाही. शिवाय या परंपरेला आधार आहे. १९३०च्या पहिल्याच विश्वचषकाचं गिलेर्मो लाबोर्दे यांचं पोस्टर म्हणजे आडव्या बारापाशी चेंडूवर झेपावलेला गोलकीपर; २०१८च्या रशियाच्या पोस्टरवर सोव्हिएत संघाचा गोलकीपर लेव्ह याशिन.

क्षण निवडताना एकच कसोटी लावा: पुढे काय होईल हे चित्रावरून कळता कामा नये. जाळीत चेंडू, गुडघ्यांवर घसरणारा स्ट्रायकर, उंचावलेला चषक या निकालानंतरच्या गोष्टी आहेत, त्यांचं पोस्टर आदल्या आठवड्यात लागलं तर ते शिळं वाटतं. चेंडू अजून हवेत आहे, हात ताणलेला आहे, आणि बोटं व चेंडू यांच्यात थोडी फट आहे. नाट्य त्या फटीत असतं. ए-२वर ती ८ ते १२ मिलिमीटर ठेवा. बोटं चेंडूला टेकली तर गोल वाचला, गोष्ट संपली. फट ३० मिलिमीटर झाली तर गोल झालाच आणि गोलकीपर बिचारा वाटतो. डिझाइन पुढे सरकताना ही फट नकळत बदलत जाते, म्हणून प्रत्येक बदलानंतर पट्टी लावून मोजा.

शिरोरेषेचा बार

देवनागरीत करता येणारी, रोमन लिपीत न जमणारी एक गंमत इथे कामाला येते. शिरोरेषा म्हणजे आयता आडवा बार. मात्र त्यासाठी शब्द नीट निवडावा लागतो. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांतलं काही डोक्यावर असेल तर बारावर कावळे बसल्यासारखं दिसतं. थ, ध, भ ही अक्षरं रेषा डावीकडे तोडतात, म्हणून ‘थरार’ हा सगळ्यांना आधी सुचणारा शब्द बाद. ‘झडप’ चपखल बसतो: डोक्यावर काही नाही, रेषा सलग, अर्थ नेमका गोलकीपरचा, आणि शेवटच्या ‘प’चा काना खाली लांबवला की तो उजवा खांब होतो.

खांदमध्ये किंवा टेकोमध्ये हा शब्द बोल्ड वजनात टाइप करा. दोन्ही फॉन्ट मोफत आहेत, व्यावसायिक कामालाही चालतात, आणि अरुंद असल्यामुळे उभ्या पोस्टरवर अक्षरं मोठी घेता येतात. अक्षरांतलं अंतर वाढवू नका. वाढवलं की शिरोरेषा तुटते. शब्द कर्व्हमध्ये बदला, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार होतात, आणि लगेच तिन्ही अक्षरं वेल्ड करा, म्हणजे एकसंध आकारात जोडा. ही पायरी गाळली की पुढे बाह्यरेषा किंवा पारदर्शकता देताना दोन अक्षरांच्या सांध्यावर उभ्या रेघा उमटतात. चौकातल्या निम्म्या फ्लेक्सवर त्या दिसतात, एकदा दिसू लागल्या की दुसरं काही दिसत नाही.

वेल्ड झाल्यावर शिरोरेषेची जाडी २४ मिलिमीटर करा, ‘प’चा काना तेवढाच जाड करून खाली अंधारात विरेपर्यंत न्या, आणि शिरोरेषा डावीकडे कागदाबाहेर जाऊ द्या. डावा खांब दाखवायचा नाही. गोलची चौकट पूर्ण दाखवली की ती खेळण्यातली वाटते, कापली की मोठी.

२४ मिलिमीटर कुठून आले? खऱ्या गोलच्या खांबाची आणि बाराची जाडी जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर असते. म्हणजे पोस्टरवर १ सेंटिमीटरला २ मिलिमीटर हे प्रमाण झालं. चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर, व्यास साधारण २२. पोस्टरवर ४४ मिलिमीटर. हात ताणून झेपावलेला उंच माणूस सव्वादोन-अडीच मीटर, पोस्टरवर ४५० ते ५००. ए-२चा कर्ण ७२७ मिलिमीटर असल्यामुळे तो तिरपा आरामात बसतो. चेंडू कॅमेऱ्याजवळ आहे असं भासवून ५५-६० मिलिमीटरपर्यंत वाढवता येईल. त्यापुढे गेलात तर टरबूज होतं.

मांडणी

ए-२ म्हणजे ४२० बाय ५९४ मिलिमीटर. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा काठ, धरून फाइल ४२६ बाय ६०० करा. ३०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, ती ५०३१ बाय ७०८७ पिक्सेल होते. काठापासून आत १५ मिलिमीटरपर्यंत महत्त्वाचं काही ठेवू नका.

तळाची ६९ मिलिमीटर पट्टी संघांसाठी वेगळी काढा. वरचा भाग ४२० बाय ५२५ राहतो, म्हणजे बरोबर चारास पाच. हेच प्रमाण आठ बाय दहा फुटांचं, आणि इन्स्टाग्रामच्या १०८० बाय १३५० पोस्टचंही. त्यामुळे एकदा नीट मांडलं की फ्लेक्ससाठी चित्र ताणावं लागत नाही.

शिरोरेषेची वरची कड वरून ९० मिलिमीटरवर. गोलकीपर डावीकडून खालून उजवीकडे वर, ४० ते ५० अंशांत. चेंडू शिरोरेषा आणि काना यांच्या सांध्यावर, निम्मा आत, निम्मा बाहेर. गोलकीपर अक्षरांच्या पुढे येतो, मग वाचता येणार का? ‘ड’च्या खालच्या वळणाला हात लावू नका. ते झाकलं की ‘ड’ हा ‘इ’, ‘ह’, ‘ट’ काहीही वाटतो. हात ‘ड’ आणि ‘प’ यांच्या मधून वर न्या, डोकं ‘ड’च्या खाली ठेवा. ‘झ’ बहुतेक मोकळाच राहतो. जमीन दाखवायची नाही. पाय खाली अंधारात जाऊ द्या. उंची किती हे कळलं नाही की झेप जास्त मोठी वाटते, आणि खोटी सावली रंगवण्याची कटकटही वाचते.

फोटो

गूगलवरून उचललेल्या फोटोवर छायाचित्रकाराचा हक्क असतो, आणि तो बहुधा ८०० पिक्सेलचा असतो. जवळच्या मैदानावरच्या गोलकीपरचा स्वतः फोटो काढणं सोपं पडतं. त्याची लेखी संमती घ्या. अठराच्या आतला असेल तर पालकांची. जर्सीवर कंपनीचं चिन्ह किंवा क्लबचा बिल्ला नको.

जुलैत मैदान चिखलाचं, म्हणून शूट मे महिन्यातच उरका. खाली उंच उडीची मॅट किंवा दोन गाद्या एकावर एक. मागे गडद भिंत किंवा काळा पडदा. कॅमेरा जमिनीपासून दीड फुटावर, गोलकीपरपासून चार-पाच मीटर लांब. त्याहून जवळ गेलात तर बूट डोक्याएवढे होतात. शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान, फोटो सलग बर्स्टमध्ये. संध्याकाळी साडेपाच-सहाचं ऊन गोलकीपरच्या मागून तिरपं येऊ द्या, म्हणजे खांद्यावर, दंडावर, ग्लोव्हजच्या कडेवर उजेडाची रेघ मिळते. फोटोत नसलेली ही रेघ नंतर रंगवायला दोन तास जातात आणि तरी ती चिकटवलेलीच दिसते.

ढगाळ असेल आणि दिवे लावायची वेळ आली तर स्वस्तातले एलईडी फ्लड टाळा. ते डोळ्यांना स्थिर वाटतात पण विजेच्या लहरीबरोबर लुकलुकतात. १/१०००ला काही फ्रेम काळ्या, काहींवर पट्टे. त्याऐवजी दोन फ्लॅश मागून दोन्ही बाजूंनी, १/१६ ताकदीवर. कमी ताकदीला फ्लॅशची चमक खूपच छोटी असते आणि हालचाल तीच गोठवते. अशा वेळी शटर कॅमेऱ्याच्या सिंक वेगापेक्षा (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या कमाल शटर वेगापेक्षा), म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२००पेक्षा, जास्त ठेवायचं नाही, नाहीतर अर्धी फ्रेम काळी येते.

वीस-पंचवीस झेपा मारून घ्या, मध्ये विश्रांती द्या. चेंडू खरोखर फेकायचा नाही. हवेत दोरीनं टांगलेल्या ग्लोव्हकडे बघून झेप घ्यायला सांगा; डोळे नेमक्या जागी लागतात. डोळे चेंडूकडे नसतील तर बाकी सगळं बरोबर असूनही चित्र खोटं वाटतं.

चेंडू वेगळा काढा, त्याच बाजूनं उजेड देऊन. अधिकृत चेंडूची नक्षी वापरू नका. जुना काळा-पांढरा घ्या. १९७०च्या मेक्सिको विश्वचषकापासून तो सगळ्यांच्या डोळ्यांत बसला आहे, कृष्णधवल टीव्हीवर उठून दिसावा म्हणून तसा केला होता. स्वतः रंगवणार असाल तर मोजा: १२ पंचकोन काळे, २० षटकोन पांढरे. काळे षटकोन रंगवलेले चेंडू छापून आलेले आहेत. एआयनं बनवलेल्या चेंडूत तर बाजू किती याचा पत्ताच नसतो, आणि ग्लोव्हजची बोटं सहा निघतात.

कापणं, जाळी, पाऊस

पार्श्वभूमी काढणारी एका क्लिकची साधनं ग्लोव्हजच्या बोटांमधली जागा खातात. इथे तर सगळं लक्ष बोटांवरच. म्हणून हात मनगटापासून पुढे पेन टूलनं, २०० टक्के झूम करून, पाथ कडेच्या एक-दोन पिक्सेल आत ठेवून कापा. कडेवरच काप घेतला तर जुन्या पार्श्वभूमीची फिकट किनार अंधारावर चमकते. केस आणि बुटांच्या हललेल्या कडा मऊच ठेवा. सगळीकडे सुरीनं कापल्यासारखी धार आली की कात्रण दिसतं.

जाळीचे चौकोन साधारण १० ते १२ सेंटिमीटरचे, म्हणजे पोस्टरवर २० ते २४ मिलिमीटर. जाळी मागे, दूर आणि अंधुक, त्यामुळे थोडे लहान चालतील. आणि ती सैल हवी. चेंडू पोचलाच नाही तर जाळी फुगेल कशी? ही चूक छापून झाल्यावर कुणीतरी दहा वर्षांचा पोरगा दाखवतो.

पाऊस घालायचा तर वेगळ्या लेयरवर नॉइज, त्याला ७५ अंशांचा मोशन ब्लर, आणि तीसएक टक्के अपारदर्शकता. तो फक्त दिव्याच्या झोतात दाखवा, अंधारात पाऊस दिसत नसतो. झोत एकच, वर उजवीकडून, चेंडूच्या मागून. प्रत्येक वस्तूची उजळ कड त्याच बाजूला आहे ना, हे एकदा सगळे लेयर उघडून तपासा.

रंग

तीनच. रात्रीचा निळसर काळा, दिव्याचा पिवळट पांढरा, जर्सीचा नारिंगी. छपाईच्या चार शाया, निळी (सी), किरमिजी (एम), पिवळी (वाय) आणि काळी (के), म्हणजे सीएमवायके; त्यांच्या टक्क्यांत पार्श्वभूमी सी १००, एम ८०, वाय ४०, के ६०. बेरीज २८०, शाई ओली राहत नाही. चारही रंग शंभरावर नेले तर कागद चिकटतात आणि मागच्या पानाला डाग पडतात. नारिंगी एम ६५, वाय ९५. नुसता के १०० मोठ्या जागेवर धुरकट करडा दिसतो, म्हणून जिथे पूर्ण काळा हवा तिथे सी ६०, एम ४०, वाय ४०, के १००. स्क्रीनवर झगमगणारा नारिंगी छपाईत थोडा उतरतोच. तो पार्श्वभूमी आणखी गडद करून भरून काढा, नारिंगी वाढवून नव्हे.

मजकूर

फायनल १९ जुलैला न्यू यॉर्कच्या वेळेनुसार दुपारी ३ला. आपल्याकडे ते रात्रीचे साडेबारा, म्हणजे तारीख २० आणि वार सोमवार. ‘१९ जुलै, रात्री १२.३०’ असं छापलं तर निम्मी मंडळी शनिवारी रात्री येतील. असं लिहा: ‘रविवार १९ जुलैची रात्र, सामना १२.३० वाजता’, आणि खाली लहान अक्षरांत ‘२० जुलै लागताच’. १९३०च्या त्या पोस्टरवरही १५ जुलै ते १५ ऑगस्ट असं छापलं आहे. स्पर्धा झाली १३ ते ३० जुलै. त्या पोस्टरला मान मिळाला, तुमच्याला फोन येतील.

तारखेची अक्षरं ए-२वर २० मिलिमीटर उंच ठेवा. फ्लेक्सवर ती जवळपास साडेचार इंच होतात, आणि इंचाला दहा फूट या ठोकताळ्यानं पंचेचाळीस फुटांवरून वाचता येतात. बारीक मजकूर मुक्ता मीडियममध्ये, १२ पॉइंटच्या खाली नाही. गडद पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या बारीक अक्षरांत चार रंगांपैकी एखादा किंचित सरकला की अनुस्वार भरून जातो आणि ‘पंच’चा ‘पच’ होतो.

जुन्या आवृत्तीच्या फोटोशॉपमध्ये मजकूर टाकताना परिच्छेदाच्या पॅनेलमधला वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं सुटतात. ‘सामन्याच्या’, ‘खेळणाऱ्या’, ‘निकाल’ हे तीन शब्द टाइप करून बघा. ऱ्य नीट आला तर फॉन्ट भरवशाचा. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही बघा. प्रेसला देताना सगळा मजकूर कर्व्हमध्ये बदला. तिकडे जुनं कोरेल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (युनिकोडआधीचे मराठी फॉन्ट) असेल तर तुमचा युनिकोड तिथे चौकोन होऊन उघडतो.

फिफाचं बोधचिन्ह, चषकाची प्रतिमा, शुभंकर यांना हात लावू नका, विशेषतः खाली जाहिरातदार असतील तर. प्रायोजक घेऊन सार्वजनिक प्रक्षेपण करायला फिफाची वेगळी परवानगी लागते, ती पोस्टरच्या आधी बघा.

आणि शुभेच्छुक. तीस चेहरे, प्रत्येकी एक इंच, हात जोडलेले. ते आले की फट, चेंडू, अंधार सगळं गेलं. नाही म्हणता येत नसेल तर नावं एका ओळीत, फोटोशिवाय. तेही चालत नसेल तर त्यांचा वेगळा फ्लेक्स, शेजारच्या खांबावर. खर्च दुप्पट होतो, पण मंडळही टिकतं आणि पोस्टरही.

संघांची पट्टी

पट्टीत दोन नावं, मध्ये ‘विरुद्ध’. आधीच ‘स्पेन’ आणि ‘अर्जेंटिना’ घालून बघा. लहान-मोठं नाव एकाच आकारात बसलं पाहिजे, ऐन वेळी दाबून बसवू नका. झेंड्यांची प्रमाणं वेगवेगळी असतात: फ्रान्स दोनास तीन, जर्मनी तीनास पाच, ब्राझील सातास दहा, स्वित्झर्लंड तर चौरस. उंची सारखी ठेवा, रुंदी जशी येईल तशी. इंग्लंड आलं तर पांढऱ्यावर लाल क्रॉस लावायचा, युनियन जॅक नव्हे.

कागदी पोस्टर पट्टी रिकामी ठेवून जुलैच्या पहिल्या आठवड्यात छापून घ्या. १६ तारखेला सकाळी फक्त पट्ट्या छापायच्या, १३ बाय १९ इंची गमिंग शीटवर, म्हणजे मागे गोंद असलेल्या कागदावर. एका शीटमध्ये चार बसतात. पट्टी ४०० मिलिमीटर रुंद करा, दोन्हीकडे १० मिलिमीटर मोकळे राहू द्या, म्हणजे चिकटवताना थोडी तिरकी गेली तरी लक्षात येत नाही. पोस्टरला मॅट लॅमिनेशन असेल तर गमिंग नीट बसतं आणि पावसातही कागद टिकतो.

फ्लेक्ससाठी वरचा भाग तसाच, ३०० पीपीआयवरून आठ फुटांवर ताणला की साधारण ५२ पीपीआय उरतात. वीस फुटांवरून बघायच्या गोष्टीला ते पुरतात. सॉफ्टवेअरनं पिक्सेल वाढवू नका, जाळीचे दोरे मेणासारखे होतात. अक्षरं मात्र व्हेक्टरमधून, म्हणजे कितीही ताणली तरी न फुटणाऱ्या आकारांतून, नव्यानं काढा. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते, आणि प्रेसवाला काही न विचारता तीच छापतो. चारी बाजूंना दोन इंच दुमड आणि दर दोन फुटांवर रिंग सांगा. पट्टी वेगळी: आठ फूट बाय सोळा इंच, वर-खाली रिंगा, म्हणजे १६ला संध्याकाळी ती मुख्य फ्लेक्सच्या खाली दोरीनं बांधता येते.

महापालिकेची परवानगी आधी. बांधताना वरच्या कडेला बांबू किंवा पाइप घाला, नुसत्या रिंगांवर जुलैचा वारा सोसत नाही. वारा जायला फ्लेक्सला चंद्रकोरीसारखे काप देतात. ते गडद भागात, खालच्या डाव्या कोपऱ्यात द्यायला सांगा आणि स्वतः उभे राहा. नाहीतर ब्लेडवाला नेमका चेंडूवर एक देतो.